हृदयाची सूज एमआरआयमध्ये कशी दिसते? लोखंडाच्या नॅनोकणांची गोष्ट

तापानंतर छातीत दुखायला लागलं, मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज असल्याची शंका आली, की डॉक्टर कॉन्ट्रास्टसह कार्डियाक एमआरआय सांगतात. हे कॉन्ट्रास्ट बहुतेक वेळा गॅडोलिनियमचं असतं.

मी कुर्ल्याचा, त्यामुळे मला स्टेशनचा पूल आठवतो. वाट मोकळी असली की मेन लाइनवरून हार्बरला जाणारी गर्दी भराभर सरकते, अडली की साचते. गॅडोलिनियम निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं. पेशी फुटलेल्या किंवा जुना व्रण असलेल्या जागी मात्र रेंगाळतं. इंजेक्शननंतर दहा-पंधरा मिनिटांनी ती जागा स्कॅनमध्ये पांढरी दिसते. अडचण एकच: गर्दी साचलेली दिसते, त्यात कोण आहे ते दिसत नाही. टी२ मॅपिंगमध्ये सुजेतलं पाणी कळतं, पण पेशी तिथेही दिसत नाहीत.

इथे नॅनोकण येतात. फेरुमॉक्सिटॉल म्हणजे आयर्न ऑक्साइडचा गाभा आणि त्यावर साखरेच्या जातीचं आवरण, सगळं मिळून साधारण ३० नॅनोमीटर. गॅडोलिनियम काही तासांत लघवीवाटे जातं, हे कण मात्र रक्तात बराच वेळ फिरतात. सुजेच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. लोखंड आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं आणि ती जागा काळी पडते. म्हणून स्कॅन दोनदा: एक आधी, दुसरा साधारण २४ तासांनी.

स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी हे रुग्णांवर करून पाहिलं. हार्ट अटॅकनंतर इजा झालेल्या भागात लोखंड जमलेलं दिसलं. मायोकार्डायटिसमध्ये मात्र गॅडोलिनियमपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. त्यामुळे रीलमध्ये कुणी 'नॅनो डायने सूज पक्की कळते' म्हणालं, तर मी तरी लगेच मान डोलावणार नाही.

आणखी एक. अमेरिकेत हे औषध २००९ मध्ये मंजूर झालं ते किडनीच्या रुग्णांच्या अ‍ॅनिमियासाठी, एमआरआयसाठी नाही. जीवघेण्या अ‍ॅलर्जीमुळे २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापला गेला. आणि ते घेतल्यावर तीन महिन्यांपर्यंत दुसऱ्या एमआरआयच्या फोटोंवर परिणाम होऊ शकतो, हे टेक्निशियनला सांगावं लागतं.

रिपोर्टमध्ये मायोकार्डायटिस निघाला, तर क्रिकेट आणि जिम साधारण तीन ते सहा महिने बंद. अंगात ताकद आली तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानात उतरायचं नाही, कारण सुजलेल्या हृदयावर ताण आला की ठोके अचानक बिघडू शकतात.