अजिंठ्यातील मंद प्रकाश आणि रंगांचा पुरावा

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास बहुतांशी छायाचित्रांवरून केला जातो. परंतु लेण्यांत प्रकाश अत्यल्प असल्याने भिंतीवरील रंग व छायाचित्रातील रंग एकच मानता येत नाहीत. छायाचित्र कोणत्या क्रियेने सिद्ध झाले, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाच्या कक्षेत येतो.

रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या रंगीत प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी कॅमेराही वापरला; परंतु त्या काळची कोलोडियन काच मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्याने गेरूचा रंग तीवर काळवंडत असे. गुलाम याझदानी यांचे चार भाग (१९३०-५५) रंगीत छायाचित्रांसह निघाले. तत्पूर्वीच, १९२० नंतर, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला होता. तो कालांतराने पिवळा पडला.

रंगीत निगेटिव्हसाठी १९७२ पासून सी-४१ ही प्रक्रिया आली. तीत डेव्हलपरचा काळ ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटे १५ सेकंद असतो. प्रकाश अपुरा असता फिल्मला कमी एक्स्पोजर द्यावयाचे व ती उणीव हा काळ वाढवून भरून काढावयाची, यास ‘पुश करणे’ म्हणतात. वस्तुतः याने संवेदनशीलता फारशी वाढत नाही. जेथे प्रकाश पोचलाच नाही तेथे तपशील उमटत नाही. उलट कण ठळक होतात, उजळ भाग घट्ट होतात आणि तिन्ही रंगथर समप्रमाणात न वाढल्याने रंगांचा तोल ढळतो.

‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातील हलते चेहरे टिपावयाचे होते. तेथे जॉन अल्कॉट यांनी निगेटिव्ह एक स्टॉप पुश केली, हे युक्तच होते. भिंत मात्र हलत नाही. तिच्यासाठी तिपाईवरून दिलेले दीर्घ एक्स्पोजर अधिक विश्वसनीय होय. बिनॉय बहल यांनी मंद प्रकाशात घेतलेल्या आणि १९९८ साली ग्रंथरूपाने आलेल्या छायाचित्रांचे महत्त्व याच संदर्भात ध्यानी घ्यावे लागते. तथापि दीर्घ एक्स्पोजरमध्येही फिल्मचा प्रतिसाद मंदावतो व रंगथरांत तफावत पडू शकते.

तात्पर्य, छायाचित्रातील पिवळी झाक मूळ रंगाची, लाखेची की फिल्मची, हे केवळ पाहून ठरत नाही. फिल्म, एक्स्पोजर व डेव्हलपरचा काळ यांची नोंद नसलेले रंगीत छायाचित्र रेषेचा पुरावा ठरेल. रंगाचा ठरेलच असे नाही.