कंकाल स्नायू

कंकाल स्नायू : कंडरांच्या द्वारे अस्थींना जोडलेला आणि इच्छेच्या अंमलाखाली आकुंचन पावणारा स्नायूंचा वर्ग. सूक्ष्मदर्शकाखाली याच्या तंतूंवर एकाआड एक गडद व फिकट आडवे पट्टे दिसतात, म्हणून यास रेखित स्नायू असेही म्हणतात. आतडी, रक्तवाहिन्या इत्यादींच्या भित्तींतील अरेखित स्नायू आणि हृदयाचा स्नायू हे याहून निराळे वर्ग होत. मानवी शरीरात सहाशेहून अधिक कंकाल स्नायू असून प्रौढाच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के हिस्सा त्यांचाच असतो.

रचना : संयोजी ऊतकाच्या आवरणात बांधलेल्या तंतूंच्या जुड्या मिळून स्नायू बनतो. प्रत्येक तंतू ही अनेक केंद्रके असलेली एकच कोशिका असून तिची जाडी मिलीमीटरच्या शतांशापासून दशांशापर्यंत, तर लांबी कित्येक सेंटिमीटरही असू शकते. तंतूच्या पोटात असंख्य तंतुके लांबीच्या दिशेने मांडलेली असतात. त्यांतील प्रत्येक तंतुक सुमारे अडीच सहस्रांश मिलीमीटर लांबीच्या खंडांची साखळी असते, आणि प्रत्येक खंडात मायोसीन या प्रथिनाचे जाड व ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांत शिरलेले असतात.

कार्य : स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणूनच कोपर वाकविणाऱ्या द्विशिरस्क स्नायूसमोर तो सरळ करणारा त्रिशिरस्क स्नायू, अशी परस्परविरोधी योजना सांध्यासांध्यांत आढळते. मेंदूचा हुकूम मेरुरज्जूतून प्रेरक तंत्रिकेच्या टोकाशी येऊन पोहोचला, की तेथे ॲसिटिलकोलीन स्रवते, तंतूच्या पटलावर विद्युत्‌लहर पसरते आणि आतील कोशांत साठविलेले कॅल्शियम मुक्त होऊन ॲक्टिनवरील प्रतिबंध उठविते. तेव्हा मायोसीनची शीर्षे ॲक्टिनला धरून, वल्ह्यांप्रमाणे पुनःपुन्हा झुकत, त्यास खंडाच्या मध्याकडे ओढतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, केवळ एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धांत १९५४ मध्ये ए. एफ्. हक्सली व आर्. नीडरगर्के यांनी, आणि स्वतंत्रपणे एच्. ई. हक्सली व जीन हॅन्सन यांनी मांडला. आकुंचनाच्या वेळी गडद पट्ट्याची रुंदी कायम राहते व फिकट पट्टा तेवढा अरुंद होतो, हे निरीक्षण त्याचा आधार होय.

ऊर्जा : या कामी लागणारी ऊर्जा ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट हे संयुग पुरविते. त्याची शिल्लक थोड्याच सेकंदांपुरती असल्यामुळे क्रिएटीन फॉस्फेट, ग्लायकोजेन व मेद यांच्या खर्चाने ती सतत भरून काढावी लागते. प्राणवायू अपुरा पडल्यास लॅक्टिक अम्ल तयार होते. ॲक्टिनची पकड सोडण्यासाठीही आणि कॅल्शियम कोशांत परत नेण्यासाठीही हेच संयुग लागते, म्हणजे सैल पडणे हेदेखील स्नायूला विनामूल्य नाही. मृत्यूनंतर हा पुरवठा आटला, की पकडलेली शीर्षे तशीच अडकून राहतात व काही तासांत देह ताठरतो. पुढे प्रथिनांचे विघटन होऊ लागले, की एकदोन दिवसांत हे काठिण्य ओसरते.