भुकेची हजेरी

मागच्या साली आमच्या सूतगिरणीला तीन महिने टाळं होतं. मी बदली कामगार. जिथं कायमवाल्यांचेच हाल, तिथं बदलीवाल्याला कोण पुसतो? एका कचेरीत मदतीचा अर्ज घेऊन गेलो. खुर्चीतला साहेब म्हणाला, "तुम्हा लोकांना बसून खायची सवय लागलीय. आधी काम करून दाखवा." मी काही बोललो नाही. अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली. पण ते वाक्य डोक्यात चातीसारखं गरगरत राहिलं.

घरी आजीला सांगितलं. 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला होती. ती हसली. म्हणाली, "आरं, हे काय नवं हाय व्हय? आदी धोंडा फोड, मंग मिलो खा."

आजीच्या या एका वाक्यामागचा इतिहास मी पाळी सुटल्यावर शोधत बसलो. माझी शाळा दहावीला सुटली. तेव्हा मित्रांनो, पंडिताची भाषा मागू नका. जे कळलं ते मांडतो.

साहेबाचं वाक्य साहेबाचं नव्हतंच. ते फार जुनं आहे, आणि इंग्लंडात त्याचा कायदा झाला होता. 1834 साली तिथल्या पार्लमेंटनं गरिबांसाठी नवा कायदा केला. मदत पाहिजे तर 'वर्कहाउस'मध्ये या, म्हणजे कामाच्या कोंडवाड्यात. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. जुने दोर उसवा, दगड फोडा, हाडं कुटा. तत्त्व असं की, आतल्या माणसाची हालत बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायची. म्हणजे खरा भुकेलाच आत येईल! अँडोव्हर गावच्या वर्कहाउसात खतासाठी हाडं कुटणारी माणसं भुकेपोटी तीच हाडं चोखत होती. 1845 साली हे उघडकीला आलं.

हे तत्त्व बोटीत बसून आपल्याकडं आलं. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन होरपळत होती. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामावरची मजुरी कापली. धडधाकट गड्याला दिवसाला 1 पौंड धान्य, वर चिल्लर. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि त्यावर दिवसभर दगडमाती. शिवाय काम घरापासून मैलोन्‌मैल लांब. कशाला? तर खरंच उपाशी असेल तोच चालत येईल! 1877 साली मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी हे नाकारलं आणि कामं सोडून ती निघून गेली. उपाशी माणसं संपावर गेली. हा संप आपल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी वाचला नाही.

आता कुणी म्हणेल, झालं गेलं, राणीचं राज्य होतं. तर परत इंग्लंडात चला.

1911 साली तिथं बेकारीचा विमा आला. कामगाराच्या पगारातून पैसे कापायचे, मालकानं आणि सरकारनं भर घालायची, काम गेलं की त्यातून भत्ता. म्हणजे ती भीक नव्हती, घामाचा पैसा होता. पण 1996 साली भत्त्याचं नावच बदललं. 'बेकारी भत्ता' गेला, 'काम शोधणाऱ्याचा भत्ता' आला. नावातच अट घातली. 2011 साली तर सक्तीच्या योजना आल्या: सांगू तिथं बिनपगारी काम करा, नाहीतर भत्ता बंद.

कॅट रायली नावाची पदवीधर तरुणी एका संग्रहालयात आपणहून विनामोबदला काम शिकत होती. तिला तिथून उठवून पाउंडलँड या दुकानात धाडलं. दोन आठवडे माल मांडा, फरशी झाडा. पगार शून्य. तेव्हा 25 च्या आतल्या बेकाराचा भत्ता होता आठवड्याला 53 पौंड 45 पेन्स. दुसरा एक बेकार लॉरी ड्रायव्हर. त्याला सांगितलं, 26 आठवडे, आठवड्याला 30 तास फुकट राब. तो नाही म्हणाला. त्याचा भत्ता तोडला. दोघं कोर्टात गेली.

फेब्रुवारी 2013 मध्ये अपील कोर्टानं सरकारचे नियम बेकायदा ठरवले. मग सरकारनं काय केलं? मार्चमध्येच घाईघाईनं नवा कायदा आणला आणि मागच्या तारखेपासून सगळं कायदेशीर करून टाकलं. कापलेले पैसे परत द्यायला नकोत म्हणून! ऑक्टोबरात तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, नियम चुकीचेच होते, पण ही वेठबिगारी नव्हे. भत्ता पाहिजे तर अट आलीच.

इथं मी थांबलो. कारण हाच सवाल आपल्या देशात आधी येऊन गेला होता, आणि त्याचं उत्तर उलटं मिळालं होतं.

वेठ काय असते हे महाराला पुस्तकात वाचावं लागत नाही. वतनाच्या नावाखाली कामाला वेळ नाही, मोलाला माप नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडलं. वतनं कायद्यानं जायला 1958 उजाडलं. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेब बेकारांबद्दल बोलतात. त्यांचं म्हणणं असं की, उपाशी माणसापुढं हक्क सोडायला लावणारी नोकरी ठेवली तर तो तीच घेणार, मग त्याच्या मूलभूत हक्कांना किंमत काय? पुढं घटनेच्या 23 व्या कलमानं वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी बंद केली.

1982 साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सक्ती फक्त चाबकाची नसते. भुकेमुळं किमान वेतनाखाली राबावं लागलं तर तीही सक्तीच. 1983 साली राजस्थानातल्या दुष्काळी कामाचा खटला आला. किमान मजुरी 7 रुपये रोज, हातात कमी पडत होते. सरकार म्हणे, ही मदत आहे. कोर्ट म्हणालं, माणूस राबतोय, रस्ता बनतोय, मग ही मदत कसली? पूर्ण मजुरी द्या.

आजीच्या वेळी, 1973 च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांच्या घामातून रोजगार हमीचा कायदा आला, 1977 साली मंजूर झाला, 1979 पासून लागू. त्यात काम मागायचा हक्क माणसाचा, आणि 15 दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता देणं सरकारचं ओझं. कामावर आम्ही रुसलेलो नाही, साथींनो. काम तर आम्हीच मागतोय. पण मागून घेतलेलं काम वेगळं, आणि भुकेची हजेरी लावून वसूल केलेलं काम वेगळं. पहिल्यात मजुरी असते, दुसऱ्यात उपकार असतो. उपकाराखाली आपल्या पिढ्या गेल्या.

कायदा कागदावर आहे म्हणून पोटात भाकरी जात नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या वस्तीत कुणाला कोणी म्हणालं, "आधी काम करून दाखवा," तर त्या माणसानं मान खाली घालू नये एवढं तरी आपण करू. त्याला एक सवाल शिकवा: "काम करतो साहेब, मजुरी किती?"

माझा अर्ज अजून घडी करून ठेवलेलाच आहे. सोमवारी त्याच कचेरीत परत जातोय. मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं.