खापर कुणाचं? जनावरांच्या मातीच्या भांड्यांचा इतिहास



विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. कुत्र्यामांजरांच्या भांड्यांचा कसला आलाय इतिहास? पण दातिवऱ्यात, वैतरणेच्या मुखाशी हा विषय मांडायचा तर सोपारा आठवल्याशिवाय राहत नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. एकात एक ठेवलेले करंडे निघाले आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंड्यात काय होतं, तर मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपलेले होते, असं त्यांनी मानलं. म्हणजे खापर सोन्यात राहतं की उकिरड्यावर जातं, हे ते कुणाचं होतं यावर ठरतं.

जनावराचं खापर अर्थातच उकिरड्यावर गेलं. तिथून ते उत्खननात सापडलं तरी कुत्र्याचं म्हणून ओळखायचं कसं? आपल्याकडे कुत्र्यासाठी वेगळं भांडं कुंभाराकडून कोण करून घेत होतं? मडकं फुटलं, की बुडाचा भाग दाराशी ठेवायचा आणि त्यात पाणी ओतायचं. खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायलाही तेच अर्धं मडकं, आत कोंडा घालून. माणसाचं भांडं आयुष्याच्या उत्तरार्धात जनावराचं होतं. अभ्यासकाला दिसतं ते फक्त माणसाचं मडकं.

मुद्दाम घडवलेलं भांडं मात्र लगेच ओळखू येतं. रोमन लेखक वारो याने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात डॉरमाउस या खारीसारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याच्या रांजणाचं वर्णन आहे. हे रांजण कुंभार वेगळेच घडवत. आतल्या भिंतीला प्राण्याला चढण्या-फिरण्यासाठी पट्ट्या, खाणं ठेवायला खोलगट जागा, वर झाकण आणि आत अंधार. कल्पक रचना आहे, नाही का? पण हेतू काय, तर प्राणी लठ्ठ करून ताटात वाढायचा!

चिमणीचं मडकंही त्याच जातीचं. सोळाव्या-सतराव्या शतकांत नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये भिंतीला मातीची मडकी टांगत. चिमणी आत घरटं करी आणि मागच्या भोकातून हात घालून पिल्लं काढून खात. आज आपण चिमण्या वाचवायला तसंच मडकं टांगतो. २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, हे ठाऊक असेलच.

निव्वळ हौसेचं भांडं हवं असेल तर चीनकडे पाहावं लागतं. शुआन्द सम्राट (१४२५ ते १४३५) रातकिड्यांच्या झुंजींचा भारी शौकीन. त्याच्या काळातल्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या रातकिड्यांच्या डब्यांचे तुकडे १९९३ मध्ये जिंगदेझेनला मिळाले. राजाचा छंद म्हटल्यावर किड्यालाही राजेशाही घर.

आपल्या कुंभाराने जनावराला भांडं नाही दिलं, रूप दिलं. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, इ.स.पू. १३०० च्या आसपासच्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची कच्च्या मातीची पेटी निघाली. तिच्यात बिनडोक्याची देवी, आणि सोबत मातीचा बैल. पोळ्याला आपण मातीचे बैल पुजतो. हा थेट त्याचाच वारसा असं मी म्हणणार नाही, तीन हजार वर्षांची उडी फार मोठी आहे. पण पूजेचा बैल मातीचा, आणि जित्या बैलाला पाणी दगडाच्या डोणीत, ही वाटणी मला विलक्षण वाटते.

आता कुणी कुत्र्यासाठी भांडं करत असेल, तर थोडं कामाचं बोलतो. बूड रुंद आणि जड ठेवा, नाहीतर कुत्रं ते अंगणभर ढकलत नेतं. लांब कानांच्या कुत्र्याला वर निमुळतं होत गेलेलं भांडं द्या, म्हणजे कान बाहेर राहतात. मांजराला उथळ आणि पसरट. आव्यात भाजलेलं साधं भांडं पाझरतं, त्यामुळे पाणी गार राहतं, पण शेवाळही धरतं. रोज घासा, उन्हात वाळवा. चकाकी हवी असेल तर शिसं असलेला लेप अजिबात नको, चाटून ते पोटात जातं. आणि भाजण्याआधी बुडाशी त्या जनावराचं नाव कोरा. म्हणजे पुढे कुणी उकरलंच, तर खापर कुणाचं हे त्याला विचारत बसावं लागणार नाही.