खगोलीय एकक

सूर्यमालेतील अंतरे सांगण्यासाठी वापरले जाणारे लांबीचे एकक. पृथ्वी आणि सूर्य यांमधील सरासरी अंतर हा त्याचा मूळ आधार असून संक्षेपाने ते ‘ख. ए.’ असे लिहितात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २०१२ मध्ये बीजिंग येथील महासभेत त्याचे मूल्य १,४९,५९,७८,७०,७०० मीटर, म्हणजे सुमारे १४.९६ कोटी किमी., असे निश्चित केले. एवढे अंतर कापण्यास प्रकाशाला ८ मिनिटे १९ सेकंद लागतात.

पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने तिचे सूर्यापासूनचे अंतर वर्षभर सारखे नसते. जानेवारीच्या सुरुवातीस ते सुमारे १४.७१ कोटी किमी. असते (उपसूर्य स्थिती), तर जुलैच्या सुरुवातीस १५.२१ कोटी किमी. होते (अपसूर्य स्थिती). म्हणजे भारतात थंडी असते तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे. या अंतरातील फरकामुळे नव्हे.

सापेक्ष अंतरे : सूर्यमालेतील अंतरांची परस्पर प्रमाणे आधी कळली, ती किलोमीटरमध्ये कळायला आणखी बराच काळ जावा लागला. नकाशा हाती होता, पण त्यावर प्रमाणपट्टी नव्हती, अशी सतराव्या शतकातील स्थिती होती.

ही प्रमाणे काढण्याची एक रीत सोपी आहे. शुक्र आकाशात सूर्यापासून सरासरी ४६ अंशांहून फारसा दूर जात नाही. तो जास्तीत जास्त दूर दिसतो, तेव्हा सूर्य, शुक्र आणि पृथ्वी यांचा काटकोन त्रिकोण होतो आणि काटकोन शुक्रापाशी असतो. ४६ अंशांची ज्या (साइन) ०.७२ येते, म्हणून शुक्राचे सूर्यापासूनचे अंतर ०.७२ ख. ए. आहे. सूर्य मध्यभागी मानणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अशा भूमितीचा मार्ग मोकळा झाला.

योहानेस केप्लर यांनी १६१९ मध्ये मांडलेल्या तिसऱ्या नियमाने हे काम आणखी सुलभ केले. ग्रहाचा परिभ्रमणकाळ वर्षांत आणि सूर्यापासूनचे सरासरी अंतर ख. ए.मध्ये घेतले, तर काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाइतका असतो. गुरूला एका प्रदक्षिणेस ११.८६ वर्षे लागतात. या संख्येचा वर्ग सुमारे १४०.७ आणि त्याचे घनमूळ ५.२; म्हणून गुरू ५.२ ख. ए. अंतरावर आहे.

ग्रहांची सरासरी अंतरे व परिभ्रमणकाळ :
बुध – ०.३९ ख. ए.; ८८ दिवस
शुक्र – ०.७२ ख. ए.; २२५ दिवस
पृथ्वी – १ ख. ए.; ३६५.२५ दिवस
मंगळ – १.५२ ख. ए.; ६८७ दिवस
गुरू – ५.२ ख. ए.; ११.८६ वर्षे
शनी – ९.५ ख. ए.; २९.५ वर्षे
युरेनस – १९.२ ख. ए.; ८४ वर्षे
नेपच्यून – ३०.१ ख. ए.; १६५ वर्षे

प्रत्यक्ष मापन : वरीलपैकी कोणतेही एक अंतर किलोमीटरमध्ये मोजता आले, की उरलेली सर्व अंतरे गणिताने मिळतात. अडचण होती ती हे एक अंतर मोजण्याची. दोन दूरच्या ठिकाणांहून पाहिल्यास जवळची वस्तू मागच्या ताऱ्यांच्या संदर्भात सरकलेली दिसते. या सरकण्याला पराशय म्हणतात आणि त्यावरून अंतर काढता येते. परंतु सूर्याच्या झगझगाटात मागचे तारे दिसत नाहीत. शिवाय सूर्यावरून पाहिल्यास पृथ्वीच्या त्रिज्येने होणारा कोन अवघा ८.८ विकला, म्हणजे अंशाच्या चारशेव्या भागाएवढा आहे. म्हणून खगोलशास्त्रज्ञ जवळच्या ग्रहांकडे वळले.

१६७२ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असताना कासीनी यांनी पॅरिसहून आणि झां रिशे यांनी दक्षिण अमेरिकेतील कायेन येथून त्याचे वेध घेतले. त्यावरून पृथ्वी-सूर्य अंतर सुमारे १४ कोटी किमी. आले. आजच्या मूल्यापेक्षा ते सहा-सात टक्क्यांनीच कमी होते.

शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकताना दिसणे, ही अधिक चांगली संधी असल्याचे एडमंड हॅली यांनी १७१६ मध्ये दाखवून दिले. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील निरीक्षकांना शुक्र सूर्यबिंबाच्या वेगवेगळ्या जीवांवरून जाताना दिसतो. त्यामुळे तो बिंब ओलांडण्यास लागणारा वेळही वेगळा भरतो. वेळेतील या फरकावरून अंतर मिळते. हॅली १७४२ मध्ये निवर्तले. पण १७६१ व १७६९ च्या अधिक्रमणांसाठी यूरोपातून अनेक देशांत मोहिमा निघाल्या. कॅप्टन कुक यांच्या मोहिमेने १७६९ चे वेध ताहिती बेटावर घेतले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल झांती पाँडिचेरीला निघाले होते, पण ते ठाणे इंग्रजांच्या ताब्यात गेल्याने १७६१ चे अधिक्रमण त्यांना डोलत्या जहाजावरून पाहावे लागले आणि त्या वेधांचा उपयोग झाला नाही. ते पुढील संधीसाठी पूर्वेकडेच राहिले. १७६९ मध्ये पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. या सर्व मोहिमांत आणखी एक अडचण आली. शुक्र सूर्यबिंबाच्या कडेशी आला की दोहोंमध्ये काळा थेंब ताणल्यासारखा दिसे आणि स्पर्शाचा नेमका क्षण ठरवता येत नसे. तरीही लालांद यांनी १७७१ मध्ये या वेधांवरून सुमारे १५.३ कोटी किमी. हे मूल्य काढले.

पुढे १८७४ व १८८२ ची अधिक्रमणे आणि १८९८ मध्ये शोध लागलेल्या एरॉस या लघुग्रहाचे वेध यांमुळे अचूकता वाढत गेली. निर्णायक सुधारणा १९६१ मध्ये रडारने झाली. शुक्राकडे पाठवलेल्या रेडिओ लहरी परावर्तित होऊन येण्यास लागणारा वेळ आणि प्रकाशाचा वेग यांवरून शुक्राचे अंतर थेट मिळाले आणि प्रमाणांच्या साहाय्याने पृथ्वी-सूर्य अंतर निघाले.

उपयोग : हे एकक वापरल्यास तुलना सोपी होते. सूर्यप्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते; त्यामुळे गुरूपाशी ती पृथ्वीपाशी असलेल्या तीव्रतेच्या सुमारे सत्ताविसावा भाग आणि नेपच्यूनपाशी नऊशेवा भाग उरते. भारताचे आदित्य एल-१ हे यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किमी.वर आहे, म्हणजे त्याने सूर्याकडील अंतराचा केवळ शंभरावा भाग कापला आहे. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे यान १६० ख. ए.च्याही पलीकडे गेले आहे. इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या कक्षाही याच एककात देतात.

ताऱ्यांच्या अंतरांसाठी मात्र हे एकक अपुरे पडते. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी सुमारे २ लाख ६८ हजार ख. ए. दूर आहे, म्हणून तेथे प्रकाशवर्ष किंवा पार्सेक ही एकके वापरतात.