पेंडीतले विष

चाकण म्हटले की इतिहासाच्या वाचकाला संग्रामदुर्ग आठवतो, आणि 1660 च्या भर पावसाळ्यात शायिस्तेखानाच्या फौजेशी छप्पन्न दिवस झुंजलेला फिरंगोजी नरसाळा. तटावर चढून तो गड शत्रूला घेता आला नाही. बुरुजाखाली सुरुंग उडविला तेव्हा वाट झाली. आज आम्ही ज्या शत्रूविषयी बोलणार आहोत, तोही समोरून येत नाही. कोंबड्यांच्या शेडीत तो खाद्याच्या पोत्यातून शिरतो.

चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी नावाजलेला. पण भुईमुगाच्या शेंगाही येथे येतात. दाण्याचे तेल माणसांना आणि पेंड गुरांना व कोंबड्यांना, ही आपल्याकडची जुनी वाटणी. तिच्यातच आमच्या विषयाचे मूळ आहे.

1960 साली इंग्लंडात काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. पक्षी खाणे टाकीत, मलूल होत आणि थोड्याच दिवसांत दगावत. फाडून पाहावे तर यकृताची नासाडी झालेली. आपल्याकडे अशी मर लागली असती तर ‘मानमोडी आली’ असेच कोणीही म्हटले असते. तेथेही प्रथम साथीचाच संशय आला. परंतु जंतू काही सापडेना. अखेर बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर देऊन त्याला ‘टर्की एक्स रोग’ म्हणू लागले. पुढे ध्यानात आले की बदकांची पिल्लेही मरत आहेत, आणि रोग शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे न जाता विशिष्ट खाद्यामागोमाग जात आहे. त्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती.

पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती. 1961 मध्ये तिचे विष वेगळे काढण्यात आले व बुरशीच्याच नावावरून त्याला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली त्याचा एक प्रकार निळा चमकतो, दुसरा हिरवट. एवढे देखणे विष क्वचितच सापडेल!

त्याची खोड अशी की बुरशी मेली तरी विष उरते. ऊन दाखवून किंवा भाजून ते पुरते जात नाही. मात्रा मोठी असेल तर पक्षी मरतो आणि गोष्ट उघडकीस येते. थोडी मात्रा रोज पोटात जाणे मात्र अधिक फसवे. कोंबडीचे वजन भरत नाही, अंडी कमी होतात, यकृत पिवळट व ठिसूळ बनते आणि रोगाशी झगडण्याची शक्ती खचते. लस टोचूनही कळपात मानमोडी शिरते. मालक लशीला बोल लावतो, आणि पोते कोपऱ्यात तसेच उभे असते.

आपल्या देशालाही हा अनुभव आला. 1966 मध्ये म्हैसूर राज्यात दोन हजारांवर कोंबडीची पिल्ले या विषाने मेली. त्यानंतर 1974 साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत जे घडले ते पिल्लांवर थांबले नाही. अवकाळी पावसाने मका भिजला, त्याला बुरशी धरली, आणि घरात दुसरे धान्य नसल्याने लोक तोच खात राहिले. कावीळ झाली, पोटात पाणी भरले. 397 जण आजारी पडले, त्यांपैकी 106 दगावले. त्याच घरांतले अन्न खाणारे कुत्रेही मेले. पाखरांच्या मरणातून हे विष चौदा वर्षांपूर्वीच जगाला कळले होते. पण ते ज्ञान त्या झोपड्यांपर्यंत पोहोचले नव्हते.

आज कोंबडीच्या खाद्यात मका व सोयाबीनची पेंड यांचा भरणा अधिक. त्यामुळे धोका टळला असे कोणी समजू नये, कारण ही बुरशी मक्यावरही तितक्याच सुखाने वाढते. भारतीय मानकाने या खाद्याला किलोमागे 20 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे, म्हणजे पन्नास टनांत एक ग्रॅम. खाद्यात विशिष्ट माती मिसळून विष पोटातच धरून ठेवण्याची युक्तीही निघाली आहे. तिचा उपयोग होतो. पण ती सडका माल खपविण्याचा परवाना ठरू नये, असे आमचे मत आहे.

खरा प्रश्न बाजारात निवडून बाजूला काढलेल्या दाण्याचा आहे. काळा पडलेला, सुरकुतलेला दाणा आपण खात नाही. तो स्वस्तात घाण्याला जातो. तेथे विषाचा फारच थोडा अंश तेलात उतरतो आणि बाकीचे पेंडीत राहते. माणसाने नाकारलेले अशा रीतीने कोंबडीच्या पुढ्यात येते, आणि आषाढातल्या ओल्या गोदामात, भिंतीला टेकलेल्या पोत्यात, त्यात आणखी भर पडते.