तारखांच्या वहीतले नट

मराठी मालिकांची शेड्यूल लावण्यात माझं उमेदीचं वय गेलं. कुठला नट कुठल्या दिवशी कुठल्या सेटवर, किती वाजता मेकअप करून तयार हवा, हे ठरवण्याचं ते काम. टीव्हीवरचे गुणी नट सिनेमात मोठे का झाले नाहीत, अशी चर्चा सुरू झाली की लोक चेहऱ्याबद्दल, नशिबाबद्दल, कंपूशाहीबद्दल बोलतात. मला मात्र माझी वही उघडून दाखवावीशी वाटते. बरंचसं उत्तर तारखांमध्ये आहे, आणि त्या तारखांना इतिहास आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. सत्तरच्या दशकाअखेरीस दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणून घराघरांत पोचले. मालिका आठवड्यातून एकदा दिसायची. उरलेल्या दिवसांत नाटकाचे प्रयोग, दौरे, तालमी, सगळं चालू. प्रभावळकरांच्या वाट्याला पुढे ‘चौकट राजा’ आला, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी आले, ते या मोकळ्या दिवसांमुळेच, असं मी म्हणणार नाही. पण दिवस अडकलेले नव्हते, हे खरं.

हिंदीतही तेच. दूरदर्शनच्या मालिका बहुधा तेरा भागांच्या. शाहरुख खानची ‘फौजी’ 1989 ची. थोडे भाग झाले, मालिका संपली, नट मोकळा. 1992 मध्ये ‘दीवाना’ पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षकाच्या मनात त्याची ओळख पक्की होती, पण त्याचा कंटाळा आलेला नव्हता. त्या काळात मालिका ही पायरी होती. तिच्यावर पाय ठेवून वर जाता यायचं.

अपवाद देवांचा. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’चे 78 भाग जानेवारी 1987 ते जुलै 1988 या काळात दाखवले गेले. अरुण गोविल हे टीव्हीवरून सिनेमाकडे निघालेले नट नव्हते. ‘सावन को आने दो’ 1979 चा, म्हणजे सिनेमा त्यांनी आधीच केला होता. राम झाल्यावर मात्र त्यांना गुंडाशी मारामारी करताना किंवा नायिकेमागे पळताना बघायला कुणी तयार होईना. आपले नितीश भारद्वाज पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेले आणि मराठी रंगभूमीवर वावरलेले. ‘महाभारत’च्या कृष्णानंतर त्यांची वाट पुष्कळशी लोकसभेकडे वळली. लोक ज्याला हात जोडतात त्याच्यासाठी तिकीट काढत नाहीत, हे निर्मात्यांना तेव्हाच उमगलं. पण हे मोजक्या नटांचं दुःख. शेकडो जणांचं आयुष्य ज्याने बदललं, ते पुढे घडलं.

1997 मध्ये दूरदर्शनवर ‘दामिनी’ आली आणि मराठीला रोजची मालिका मिळाली. प्रतीक्षा लोणकर रोज दुपारी घरात येऊ लागली. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी सुरू झालं, ‘आभाळमाया’ आली. पुढच्या वर्षी हिंदीत सासू-सुनांचा महापूर. धंद्याचं गणितच पालटलं. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपासचा भाग, आठवड्याला पाच-सहा भाग. म्हणजे मराठी सिनेमाला तीस-चाळीस दिवसांत जेवढं चित्रीकरण करावं लागतं, तेवढं आम्ही आठवड्याला चॅनलच्या हातात ठेवत होतो. पहिले काही महिने भागांची ‘बँक’ असायची. ती आटली की आज शूट केलेलं परवा टेलिकास्ट. मग मुख्य पात्र करणाऱ्या नटीला महिन्यातले वीस-पंचवीस दिवस सेटवर बांधून ठेवण्यावाचून माझ्यासमोर मार्ग नसे.

लोक म्हणतात, पण हीच मंडळी नाटकं तर करतात! करतात, आणि त्यातच खरी मेख आहे. नाटक शनिवार-रविवारी असतं, शिवाजी मंदिर किंवा गडकरीला असतं, प्रयोग रात्री संपतो. मी पॅकअप पाच वाजता लावला की नट प्रयोगाला पोचतो. सिनेमा असा तुकड्यांत होत नाही. त्याला सलग तारखा लागतात, वाईला किंवा भोरला मुक्काम लागतो. शिवाय लूक असतो. सिनेमातल्या नायकाला दाढी वाढवायची आहे आणि मालिकेतला तोच माणूस उद्या सकाळी गुळगुळीत गालांनी पूजेला बसणार आहे. हा गुंता कुठल्याही शेड्यूलने सुटत नाही.

एका नटीचं सांगते. नाव सांगणार नाही, चॅनलचंही नाही. तिला एका जाणत्या दिग्दर्शकाने मध्यवर्ती भूमिकेसाठी बोलावलं. पस्तीस दिवस सलग हवे होते. मी भाग पुढेमागे करून पाहिले, तिला माहेरी पाठवायचा ट्रॅक लेखकाकडे मागितला. वरून उत्तर आलं: लीड दिसली नाही तर टीआरपी पडतो. करार होताच. दुसऱ्या कुणी ती भूमिका केली आणि नाव मिळवलं. हिच्या घराचे हप्ते चालू होते, मालिकेचे पर डे पैसे नव्वद दिवसांनी का होईना पण येत होते, आणि त्या काळात मराठी सिनेमातून घर चालेल याची कुणालाच खात्री नव्हती. तिने हिशोब करून निर्णय घेतला. तिला महत्त्वाकांक्षा नव्हती असं म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

आणखी एक आरोप होतो, की मालिकेने नट बिघडतो. प्रत्येक वाक्यानंतर प्रत्येकाच्या चेहऱ्याचा क्लोजअप, त्यावर ढणाढणा संगीत. त्याची सवय लागते, हे कबूल. पण सकाळी हातात पडलेली सहा पानं मेकअप होईपर्यंत पाठ करून, समोरचा नट अजून आलेला नसताना रिकाम्या जागेकडे बघून रडायचं आणि ते खरं वाटायला लावायचं, याला केवढी तयारी लागते! सिनेमावाल्यांना ती दिसत नाही, कारण त्यांच्यापैकी फार थोडे लोक मालिका बघतात.

अशा तयारीचे नट एकेका मालिकेतच वर्षं काढत राहिले. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, तीन हजारांवर भाग. कविता लाडसारख्या नटीची ती ऐन उमेदीची वर्षं. ‘सत्या’मधला इन्स्पेक्टर खांडिलकर आणि ‘ब्लॅक फ्रायडे’मधला बादशाह खान बघा, आणि मग आठवा की हे काम करणारा आदित्य श्रीवास्तव ‘सीआयडी’मध्ये वर्षानुवर्षं अभिजीत होता. त्याच्या कुवतीबद्दल शंका घ्यायला जागा आहे कुठे?

उलट ज्या मालिका वेळेत संपल्या, त्यांनी नटांना वाट करून दिली. 2012 ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ वर्ष पुरं व्हायच्या आत थांबली. स्वप्नील जोशीचा ‘दुनियादारी’ पुढच्याच वर्षी आला. मुक्ता बर्वेही मालिका, नाटक आणि सिनेमा यांत हिंडतीफिरती राहिली.

घरात फुकट दिसणाऱ्या चेहऱ्यासाठी कोण तिकीट काढणार, हा निर्मात्यांचा आवडता सिद्धान्त. मी तो कित्येक मीटिंगांत ऐकला. 30 जून 2023 ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. सहाही जणींना प्रेक्षक ओळखत होते ते बरंचसं घरच्या टीव्हीमुळे. बायका जथ्याने आल्या, नटूनथटून आल्या, आणि तो मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत जाऊन बसला. सुकन्याताईंची ‘आभाळमाया’ सुरू झाल्याला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. सुकन्याताईंना बघायला तिकीट काढणारा प्रेक्षक ही सगळी वर्षं होताच. त्याला तिकीट विकायला कुणी गेलं नव्हतं.